ताऱ्याचा ठिपका गोल राहावा म्हणून

आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला (आर्कसेकंद) पश्चिमेकडे सरकतो. नुसत्या डोळ्यांना ही चाल जाणवतसुद्धा नाही, पण दुर्बिणीमागे कॅमेरा लावला की तीच हैराण करते. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची छोटी दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा ही हौशी मंडळींकडे सर्रास दिसणारी जोडी. तिच्यात एका पिक्सेलच्या वाट्याला आकाशाचा १.९४ विकलांचा तुकडा येतो. म्हणजे एका सेकंदात तारा जवळपास आठ पिक्सेल ओलांडतो आणि तीन मिनिटांत पाऊण अंश पुढे जातो. पूर्णचंद्राच्या रुंदीच्या दीडपट! तेजोमेघ आणि दीर्घिका तर इतक्या मंद, की त्यांच्यासाठी कॅमेऱ्याचे झाकण कित्येक मिनिटे उघडे ठेवावे लागते. तेवढा वेळ ताऱ्याला एका-दोन पिक्सेलांच्या आत धरून ठेवायचे, हीच या छंदाची खरी कसोटी.

ती सुरुवातीपासूनच होती. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, ते ५१ मिनिटांच्या एक्सपोजरने. १८८३ मध्ये लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी आपल्या ३६ इंची परावर्ती दुर्बिणीने तोच तेजोमेघ टिपला आणि त्या काचेवर डोळ्यांना दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले. डोळा प्रकाश साठवू शकत नाही, काच साठवते, हे तेव्हा जगाला पटले. पाच वर्षांनी आयझॅक रॉबर्ट्स यांच्या छायाचित्रात देवयानी दीर्घिकेची सर्पिल रचना दिसली.

या सगळ्या दुर्बिणी घड्याळी यंत्रावर फिरत. त्या यंत्राच्या दातऱ्यांत दोष असायचेच, म्हणून एक माणूस नेत्रिकेला डोळा लावून तारेच्या फुलीवर एक तारा रोखून बसे. तारा फुलीवरून ढळला की हाताने चक्र फिरवून तो परत जागेवर आणायचा. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी आकाशगंगेची जी अपूर्व छायाचित्रे काढली, त्यांतल्या प्रत्येकामागे गारठ्यात असे तासन् तास बसणे आहे. दुर्बिणीला हात न लावता काचेची चौकटच बारीक स्क्रूंनी सरकवायची आणि काचेच्या कडेबाहेरचा तारा पाहत राहायचे, ही युक्ती कॉमन यांनी काढली आणि जॉर्ज रिची यांनी तिला पूर्णत्व दिले. आजचा ‘ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर’ तिचाच वंशज.

पुणेही या काळात मागे नव्हते. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिथल्या विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथली ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण टिपायला नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच उतरली होती. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली.

नेत्रिकेवरच्या त्या माणसाची सुटका व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. १९८० च्या दशकाच्या शेवटी एसबीआयजी या अमेरिकन कंपनीने ‘एसटी-४’ नावाचा छोटा सीसीडी कॅमेरा आणला. तो ताऱ्यावर नजर ठेवायचा आणि ढळलेला तारा जागेवर आणायला दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीच्या, म्हणजे माउंटच्या, मोटरांना स्वतःच इशारा द्यायचा. ते यंत्र कधीच इतिहासजमा झाले, पण आजही कित्येक माउंटांवर टेलिफोनच्या सॉकेटसारखे एक भोक असते आणि त्याला ‘एसटी-४ पोर्ट’च म्हणतात. पुढे क्रेग स्टार्क यांनी ‘पीएचडी’ हा फुकट प्रोग्राम लिहिला आणि कुठलाही साधा कॅमेरा व लॅपटॉप हे काम करू लागला. त्याची आताची आवृत्ती ‘पीएचडी२’ खुल्या स्रोताची आहे आणि जगभरचे हौशी तीच वापरतात.

एवढे सोपे झाल्यामुळे एक गैरसमज मात्र पसरला आहे: असा आपोआप तारा धरून ठेवणारा ऑटोगायडर घेतला की कसलाही माउंट चालतो. नव्याने या छंदात पडणाऱ्यांचे सर्वांत जास्त पैसे आणि रात्री इथेच वाया जातात. दुकानातली चमकदार दुर्बीण डोळ्यांत भरते, तिच्याखालचे लोखंड कुणी पाहत नाही. चित्राची प्रत मात्र आधी त्या लोखंडावर ठरते. खर्चाचा निम्मा वाटा माउंटवर घालावा आणि त्यावर छोटी, हलकी दुर्बीण ठेवावी, हा जाणत्यांचा सल्ला अक्षरशः पाळण्याजोगा आहे. कंपनीने माउंटची जी वजन पेलण्याची क्षमता सांगितलेली असते, ती डोळ्यांनी पाहण्यासाठी. कॅमेऱ्यासाठी तिच्या निम्म्यापर्यंतच थांबलेले बरे.

माउंट कुठल्या जातीचा, हेही महत्त्वाचे. वर-खाली आणि डावी-उजवी फिरणारा साधा माउंट ताऱ्याच्या मागे जातो खरा, पण तसे करताना चित्राची चौकट आकाशाच्या मानाने हळूहळू फिरत राहते. दीर्घ एक्सपोजरला हवा विषुववृत्तीय माउंट. त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला की एकच मोटर सावकाश फिरवून भागते. या मोटरमागे असतो वर्म गिअर. त्याच्या घडणीत राहिलेल्या सूक्ष्म दोषामुळे दुर्बीण कधी किंचित पुढे धावते, कधी मागे रेंगाळते. वर्मचा एक फेरा काही मिनिटांचा असतो आणि मध्यम किमतीच्या माउंटात ही डुलणी सहज दहा-वीस विकलांची भरते. आपल्या ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत दहा विकला म्हणजे पाच पिक्सेल. तारा ठिपका न राहता तांदळाचा दाणा होतो. अलीकडे आलेल्या हार्मोनिक माउंटांना प्रतिभार लागत नाही, ते पाठीवरच्या पिशवीत मावतात, पण त्यांची डुलणीही लहान नसते आणि वेगही झपाट्याने बदलतो. तिथे गाइडिंगशिवाय दीर्घ एक्सपोजर जमत नाही.

माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नेमका रोखणे म्हणजे पोलर अलाइनमेंट. परदेशी पुस्तकांत हे प्रकरण दोन पानांत संपते, महाराष्ट्रात ते जरा लांबते. ध्रुवाची उंची आपल्या अक्षांशाइतकी असते. लंडनमध्ये ती ५१ अंश, पुण्यात साडेअठरा आणि पणजीत साडेपंधरा. एवढ्या खाली उत्तरेकडे हमखास एखादी इमारत, डोंगर नाहीतर आंब्याचे झाड असते. जी गॅलरी दक्षिणेला उघडते, तिथून ध्रुवतारा दिसण्याचा प्रश्नच नाही. क्षितिजाजवळच्या धुरकटात तो अंधूक होतो, आणि हवेतल्या वक्रीभवनाने त्या उंचीवर सुमारे तीन कला (आर्कमिनिट) वर उचललेलाही दिसतो. शिवाय ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर आहे. नुसता तो मधोमध आणून चालत नाही, त्या वेळी तो ध्रुवाच्या कुठल्या बाजूला आहे ते पाहून जागेवर बसवावा लागतो. आणखी एक खास अडचण अशी, की माउंट इतका आडवा झुकवला की काही माउंटांचा प्रतिभाराचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला आपटतो. विकत घेण्यापूर्वी माउंट किती कमी अक्षांशापर्यंत झुकतो, हे विचारून घ्यायलाच हवे.

सुदैवाने आता ध्रुवतारा दिसलाच पाहिजे असे राहिलेले नाही. ‘नीना’सारखे फुकट प्रोग्राम आकाशाच्या मोकळ्या भागात दुर्बीण थोडी थोडी फिरवून तीन फोटो घेतात, त्यांतल्या ताऱ्यांच्या मांडणीवरून दुर्बीण नेमकी कुठे पाहते आहे ते ओळखतात आणि अक्ष किती चुकला तेही सांगतात. मग पडद्यावर बघत दोन स्क्रू फिरवायचे. ज्या सोसायटीच्या गच्चीवरून उत्तर झाकली जाते, तिथे तर हा मोठाच दिलासा आहे.

जुळणी पाच कलांनी चुकली तर काय बिघडते? ताऱ्याची उत्तर-दक्षिण सरक मिनिटाला सव्वा विकलेच्या घरात जाऊ शकते. ऑटोगायडर ती भरून काढतो, म्हणून अनेकजण जुळणीत कुचराई करतात. पण गायडर फक्त एका ताऱ्याला धरून ठेवतो, बाकीचे आकाश त्या ताऱ्याभोवती हळूच गरगरत राहते. लांब एक्सपोजरच्या चित्रात कोपऱ्यांतले तारे मग कमानीसारखे वाकतात, आणि ते दुरुस्त करणारे बटण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही.

आता प्रत्यक्ष गाइडिंग जवळून पाहू. मुख्य दुर्बिणीच्या पाठीवर ३० मिलिमीटर व्यासाची, १२० मिलिमीटर नाभीय अंतराची चिमुकली गाइड दुर्बीण बसवलेली आहे, तिच्यामागे ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा कृष्णधवल कॅमेरा. तिथे एक पिक्सेल ६.४ विकलांचा. मुख्य कॅमेऱ्याच्या तिप्पट जाड पिक्सेलने एका विकलेची चूक कशी पकडायची, असा प्रश्न नवख्याला पडतोच. याचे उत्तर असे, की ताऱ्याचा प्रकाश चार-सहा पिक्सेलांवर सांडलेला असतो आणि प्रोग्राम त्या सगळ्यांच्या उजेडावरून गुरुत्वमध्य काढतो. तो पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत अचूक धरता येतो, म्हणजे सुमारे ०.६ विकला. इतकी लहान दुर्बीण पुरते ती यामुळेच.

पीएचडी२ सुरू केल्यावर पहिले काम कॅलिब्रेशन. प्रोग्राम तारा आधी पश्चिमेकडे पायरीपायरीने ढकलतो, परत पूर्वेला आणतो, मग तेच उत्तर-दक्षिण करतो. एवढ्या इशाऱ्याला दुर्बीण किती आणि कुठल्या दिशेने हलते, हे तो यातून शिकतो. हे काम आकाशाच्या विषुववृत्ताजवळ, मध्यमंडलाच्या, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या, आसपासच्या ताऱ्यावर करावे. ध्रुवाजवळ केले तर पूर्व-पश्चिम हालचाल इतकी आखूड दिसते की हिशेबच चुकतो. मग गाइडिंग चालू होते आणि पडद्यावर दोन रेघा धावू लागतात, निळी पूर्व-पश्चिम चुकीची, तांबडी उत्तर-दक्षिण चुकीची.

या रेघा वाचता आल्या की निम्मा छंद हाती आला. तांबडी रेघ सतत एकाच बाजूला झुकते आणि गायडर तिला पुन्हा पुन्हा मागे खेचतो आहे? पोलर अलाइनमेंट कच्ची आहे. निळी रेघ काही मिनिटांच्या ठरावीक अंतराने लाटेसारखी उठते? वर्म गिअरचा दोष, आणि गायडरला ती लाट पुरती आवरता आलेली नाही. रेघ करवतीच्या दातांसारखी वर-खाली होते तेव्हा दुरुस्ती गरजेपेक्षा जोरात होत असते, अशा वेळी प्रोग्राममधली दुरुस्तीची ‘आक्रमकता’ कमी करावी. तांबडी रेघ बराच वेळ हलत नाही आणि मग एकदम पलीकडे उडी मारते, तेव्हा दातऱ्यांतली पोकळी, म्हणजे बॅकलॅश, आडवी येते आहे. अशा वेळी त्या अक्षावर एकाच दिशेने दुरुस्ती करू द्यावी. मधूनच येणारा एकटा उंच झटका बहुतेकदा वाऱ्याचा, लोंबणाऱ्या वायरचा किंवा जवळून चालणाऱ्या माणसाच्या पावलाचा. वायरी पट्टीने बांधल्या आणि पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवून दुर्बीण तोलली, तर रेघ पाहता पाहता निवळते. ही दोन कामे फुकटची आहेत, तरी सर्वांत आधी तीच विसरली जातात.

गाइड कॅमेऱ्याचे एक्सपोजर किती ठेवायचे, हाही नेहमीचा वाद. अर्धा सेकंद ठेवले तर गायडर ताऱ्याऐवजी हवेच्या थरथरीमागे धावतो आणि नसलेली चूक सुधारतो. एक ते तीन सेकंदांत ही थरथर सरासरीत विरते. अलीकडे पीएचडी२ एकाच वेळी अनेक ताऱ्यांवर नजर ठेवतो, त्यानेही हा त्रास कमी झाला आहे.

शेवटी सगळी चूक एका आकड्यात येते, आरएमएस. तो जितका कमी तितके चांगले हे खरे, पण त्याच्या मागे वेडे होण्यात अर्थ नाही. १.९४ विकलांच्या पिक्सेलला एका विकलेच्या आतला आरएमएस अगदी पुरेसा. हाच माउंट २००० मिलिमीटरच्या दुर्बिणीखाली लावला तर पिक्सेल ०.३९ विकलांचा होतो आणि तोच आकडा नापास ठरतो. शिवाय आपल्याकडच्या हवेत तारा मुळातच दोन-तीन विकलांचा पसरलेला असतो. सुरुवात मोठ्या दुर्बिणीने करू नये, असे म्हणण्यामागे हा हिशेब आहे. २५० ते ५०० मिलिमीटरच्या टप्प्यात मृगातला तेजोमेघ, कृत्तिका आणि तीन अंश पसरलेली देवयानी ही तिन्ही चौकटीत छान बसतात आणि माउंटच्या चुकाही पोटात घातल्या जातात.

आलेख सुरेख आणि तारे तरीही लांबट, असाही अनुभव येतो. गाइड दुर्बीण आणि मुख्य दुर्बीण आपापल्या वजनाने वेगवेगळ्या वाकतात. गायडर आपला तारा धरून बसतो आणि मुख्य चित्र मात्र सरकते. पक्क्या कड्यांनी हे बरेच आटोक्यात येते. लांब नाभीय अंतराला मात्र ऑफ-अ‍ॅक्सिस गायडरच हवा, जो मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातली कडेची चिमूट छोट्या लोलकाने बाजूला काढून गाइड कॅमेऱ्याला देतो.

मग गाइडिंग सर्वांनाच हवे का? नाही. चंद्र आणि ग्रहांना तर मुळीच नको. तिथे व्हिडिओ घेऊन त्यातल्या स्थिर फ्रेमा निवडतात. साध्या डीएसएलआरला ५० किंवा १३५ मिलिमीटरची लेन्स लावून छोट्या ट्रॅकरवर मिनिटभराचे एक्सपोजर बिनागायडर निघते, आणि शिकण्याचा पहिला हिवाळा असाच घालवावा. आजच्या सीमॉस सेन्सरचा स्वतःचा गोंगाट इतका कमी असतो, की शहराच्या उजळ आकाशाखाली वीस-तीस सेकंदांच्या शेकडो फ्रेमा घेऊन एकत्र केल्या तरी चालते. सप्टेंबर २०१६ मध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात व्हिक्टर बुसो या हौशी निरीक्षकाने आपल्या घरच्या १६ इंची दुर्बिणीने एनजीसी ६१३ दीर्घिकेचे असेच वीस-वीस सेकंदांचे फोटो घेतले. त्या मालिकेत एका अतिनवताऱ्याचा अगदी पहिला उजाळा सापडला. तो शोध पुढे ‘नेचर’ या नियतकालिकात आला.

याच वाटेने स्मार्ट दुर्बिणी आल्या. २०२३ मध्ये बाजारात उतरलेली सीस्टार एस५० ही ५० मिलिमीटर व्यासाची, फोनवरून चालणारी डबी स्वतः लक्ष्य शोधते, दहा-दहा सेकंदांचे फोटो घेते आणि जागेवरच जोडते. तिला गायडर नाही. ज्याला आकाशातले रंग गच्चीवरून पाहायचे आणि दाखवायचे आहेत, त्याला एवढे पुरते. यात कमीपणा काहीच नाही, शाळेतल्या मुलांना मृगातला तेजोमेघ दाखवायला याहून चांगले साधन मिळणे कठीण. पण बारीक तपशील, मोठा व्यास आणि ठरावीक रंगच आत सोडणाऱ्या नॅरोबँड फिल्टरमधली लांब एक्सपोजर हवी असतील, तर वाट पुन्हा विषुववृत्तीय माउंट आणि गायडरकडेच वळते.

ती वाट कुठवर जाऊ शकते, याचे उदाहरण ताजे आहे. मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या युरोपीय हौशींनी २०२२ मध्ये देवयानी दीर्घिकेवर चार इंची दुर्बीण रोखून, ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा प्रकाश धरून, शंभराहून अधिक तासांचा डेटा गोळा केला. दीर्घिकेशेजारी एक निळसर कमान उमटली. रॉबर्ट्स यांच्यापासून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जगाने देवयानीचे अगणित फोटो काढले होते आणि ही कमान कुणालाच दिसली नव्हती.

असे लांब एक्सपोजर घेताना दोन फ्रेमांच्या मध्ये गायडरकडून दुर्बीण मुद्दाम काही पिक्सेल इकडेतिकडे हलवून घेतात. याला डिदरिंग म्हणतात. सेन्सरवरचे सदोष पिक्सेल मग दरवेळी आकाशाच्या वेगळ्या जागी पडतात आणि फ्रेमा जोडताना गळून जातात. गायडर घेण्याचे हे कारण गोल ताऱ्यांइतकेच मोठे आहे. फ्रेमा जितक्या जास्त तितके चित्र स्वच्छ, मात्र वर्गमुळाच्या चालीने. गोंगाटाच्या तुलनेत चित्र दुप्पट ठळक करायला वेळ चौपट द्यावा लागतो. जोडकामाला ‘सिरिल’ आणि ‘डीपस्कायस्टॅकर’ हे दोन्ही फुकट प्रोग्राम उत्तम आहेत.

आकाशाचे काय? मुंबई-पुण्यातल्या गच्चीवर प्रकाशप्रदूषण सांगणाऱ्या बॉर्टल मापपट्टीचा आठ-नऊ हा आकडा ठरलेला, आणि पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आल्यापासून जुने प्रकाशप्रदूषण-फिल्टर निष्प्रभ झाले आहेत. हायड्रोजन-अल्फा आणि ऑक्सिजन एवढेच रंग आत सोडणारा दुहेरी नॅरोबँड फिल्टर लावला, तर शहरातूनही तेजोमेघ निघतात. दीर्घिकांना मात्र अंधारच हवा, कारण त्यांचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा. म्हणून अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी गाड्या भरून मंडळी गावाकडे निघतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून नवख्यांना आकाशाखाली नेत आले आहेत. पैसे खर्चण्यापूर्वी अशा एका रात्री चार जणांचे माउंट पाहून घ्यावेत. विदर्भातल्या वाचकांना तर पेंच व्याघ्र प्रकल्प जवळ आहे. महाराष्ट्रातल्या या जंगलाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

कमी अक्षांशाने ध्रुवतारा खाली नेला, पण त्याच्या बदल्यात दक्षिणेचे आकाश दिले. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा महाप्रचंड गुच्छ पुण्यातून चोवीस अंश वर येतो, लंडनकरांना तो कधीच दिसत नाही. नौकातलातला तेजोमेघ अकरा-बारा अंशांपर्यंत चढतो. एवढ्या खाली हवा जाड, तारे थरथरते, म्हणून गाइड एक्सपोजर तीन-चार सेकंद करावे आणि लक्ष्य मध्यमंडलावर असतानाच फ्रेमा घ्याव्यात. एप्रिल-मेमध्ये वृश्चिक आणि धनूचा पट्टा मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे चांगला वर येतो.

जूनमध्ये मात्र सगळे गुंडाळावे लागते. दुर्बीण आणि कॅमेरे सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावेत, नाहीतर कोकण-गोव्याच्या दमटपणात भिंगांवर बुरशी धरते. गाइड दुर्बिणीचे छोटे भिंग सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते, तेही आठवणीने पुसून ठेवावे. पावसाळ्याच्या रात्री डार्क फ्रेमा काढण्यात सत्कारणी लागतात. थंड केलेल्या कॅमेऱ्याचे झाकण लावून, नेहमीच्या तापमानाला आणि नेहमीच्या एक्सपोजरला त्या घेतल्या की पुढच्या हंगामाचा साठा तयार होतो. हिवाळ्यातल्या जुन्या फ्रेमाही या दिवसांत नव्याने जोडून पाहाव्यात. त्यांच्याबरोबर पीएचडी२ ने प्रत्येक रात्रीची गाइडिंगची नोंदवही लॅपटॉपवर जपून ठेवलेली असते. ती उघडून कुठल्या रात्री कुठली रेघ का बिघडली ते पाहिले, तर ऑक्टोबरात माउंटचा कुठला स्क्रू आधी आवळायचा हे ठरवता येते.